पिशवी काढण्याआधी तिच्याशी कोणी बोललं का?

माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य बहुतेकदा ठरलेलं असतं: "मॅडम, अंगावरून पांढरं जातंय." पाठोपाठ कंबर दुखते, पाय गळून जातात, कामाला उभं राहवत नाही, हे येतं. मग सोबतची सासू किंवा जाऊ बोलते, "पिशवीच खराब झाली असंल हिची. काढून टाका म्हणजे कटकट मिटंल." मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. पांढरं जाणं आणि पिशवी काढणं या दोन टोकांच्या मध्ये एक संभाषण व्हायला हवं, आणि ते होत नाही म्हणून बाई थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाते, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्याबद्दल जाहीरपणे बोलणं मला भाग वाटतं.

पांढरं जाणं हा दर वेळी आजार नसतो. पाळीच्या चक्राच्या मधल्या दिवसांत, बीज बाहेर पडायच्या सुमारास, पातळ आणि तार धरणारा स्राव येतो. नंतर तो दाट, पांढरट होतो. गरोदरपणात तो वाढतो. शरीरसुखाच्या वेळी येणारा ओलावा तर हवाच असतो. वास येऊ लागला, खाज सुटली, रंग हिरवट-पिवळा झाला, स्रावात दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या, ओटीपोटात दुखून ताप आला किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर मात्र दवाखाना गाठायचा. यातले बहुतेक संसर्ग गोळ्यांनी बरे होतात. काहींमध्ये नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर तोच संसर्ग बायकोकडे परत येतो. हे सगळं सांगायला दहा मिनिटं पुरतात. चार मुलं झालेल्या कितीतरी बायकांना ही दहा मिनिटं आयुष्यात कधी मिळालेली नसतात.

ती न मिळाल्याने काय होतं, याचा हिशेब महाराष्ट्रापुढे २०१९ मध्ये आला. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची, म्हणजे जवळजवळ सहा बायकांमागे एकीची, गर्भाशयं काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली, विधिमंडळात चर्चा झाली, वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही. पाळीचं कापड धुवायचं कुठे आणि वाळत घालायचं कुठे? अठराच्या आत लग्न, विशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणं, लगेच नसबंदीचं 'ऑपरेशन', आणि पंचविशी-तिशीत पांढरं जाण्याची तक्रार. पोरं झाली, ऑपरेशन झालं, मग आता पिशवीचं काम काय उरलं, असा विचार घरात होतो. त्यावर एखाद्या डॉक्टरने "पुढे कॅन्सर होऊ शकतो" एवढं म्हटलं की सगळं पक्कं होतं. सोनं गहाण पडतं, नाहीतर मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते.

ऑपरेशननंतर काय होणार, हेही तिला कोणी सांगत नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तिशीतली बाई एका दिवसात रजोनिवृत्तीत ढकलली जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, योनी कोरडी पडून संबंध दुखू लागतात. बीजकोश ठेवले तरी अशा बायकांची रजोनिवृत्ती काहीशी लवकर येते. नवऱ्याला वाटतं, हिला आता आपण नको झालोय. तिला वाटतं, पिशवी गेली तशी मी बाईच राहिले नाही. या दोघांना समोरासमोर बसवून "हे ऑपरेशनमुळे झालंय, यावर उपाय आहेत" असं सांगणारं माणूस त्यांना भेटत नाही.

दोष लोभी डॉक्टरांचा आहेच. पण तेवढ्यावर थांबलं तर मूळ प्रश्न तसाच राहतो. बायकांना आपल्या शरीरात नेहमीचं काय आणि बिघडलेलं काय हे कळत असतं, तर इतक्या जणींनी इतक्या सहज होकार दिला नसता. लैंगिक शिक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वर्गात लाजून हसणारी मुलं येतात. मला तिशीतल्या, पोटावर दोन-दोन टाके असलेल्या बायका दिसतात.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जाई. या एका अभ्यासाने साऱ्या जगाला त्यापलीकडे बघायला लावलं. मला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ज्या डॉक्टरबाईंनी बायकांच्या पोटातले आजार शोधले, त्या पुढे 'तारुण्यभान'ची शिबिरं घेत गावोगावच्या आणि कॉलेजांतल्या मुलामुलींशी शरीराबद्दल, आकर्षणाबद्दल, जबाबदारीबद्दल बोलू लागल्या. आजाराची सुरुवात कुठे होते हे त्यांना कळलं होतं.

आपल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गेली, समाजाने वाळीत टाकल्यासारखं केलं. 'समाजस्वास्थ्य'वरच्या १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्या खटल्यात गुन्हा काय होता? वाचकांनी लैंगिक जीवनाबद्दल विचारलेल्या शंकांना मासिकातून दिलेली उत्तरं. आज आपण ज्याला समुपदेशन म्हणतो, तेच. खटला हरला, दंड भरावा लागला, कर्वे लिहीत राहिले. शकुंतला परांजपे त्यांच्या कामात उतरल्या आणि पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेत जाऊन संततिनियमनाबद्दल बोलल्या. एवढी परंपरा असलेल्या राज्याने २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीचा शिक्षण कार्यक्रम शाळांमध्ये नको म्हणून थांबवला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आज माझ्या पेशंट आहेत.

त्यांच्याच वयाची एक पेशंट. शिकलेली, नोकरी करणारी, लग्नाला काही वर्षं झालेली. ती माझ्याकडे आली ती मूल होत नाही म्हणून. हातात जाड फाइल: हार्मोनच्या तपासण्या, सोनोग्राफी, नवऱ्याच्या वीर्याचे रिपोर्ट. सगळं व्यवस्थित. कोणीतरी टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत सल्ला देऊन ठेवलेला. त्या जाड फाइलमध्ये एक साधा प्रश्न कोणी विचारल्याची नोंद नव्हती, की तुमचा संबंध होतो का? मी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नाही होत मॅडम. जवळ आले की मी आपोआप आवळली जाते. भिंत असल्यासारखं होतं म्हणतात ते."

लग्नाआधी तुला कोणी काही सांगितलं होतं का, असं विचारल्यावर तिने सांगितलं: मावशीने हळदीच्या दिवशी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं, की पहिल्यांदा खूप दुखतं, रक्त येतं, पण ओरडायचं नाही, बाहेर आवाज जातो. तिचं लैंगिक शिक्षण तेवढंच.

या त्रासाला डॉक्टर व्हजायनिस्मस म्हणतात. योनीभोवतीचे स्नायू भीतीने आपोआप आखडतात. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते, तसंच. बाई हे मुद्दाम करत नाही, आणि नवरा कमी पडतो असंही नाही. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. बोलणं, शिकणं आणि सराव हाच मुख्य उपचार. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. आरसा घेऊन स्वतःला बघायला सांगितलं. आयुष्यात ती पहिल्यांदाच बघणार होती. श्वास सोडत स्नायू सैल कसे सोडायचे, आधी स्वतःचं बोट, मग हळूहळू वाढत्या आकाराचे डायलेटर. नवऱ्याला आत बोलावून सांगितलं, की मी सांगेपर्यंत संबंधाचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, फक्त जवळ राहायचं, तिच्याशी बोलायचं. तो समंजस होता. खरं सांगायचं तर बहुतेक पुरुष समंजसच असतात, त्यांना आत बोलावून कोणी काही सांगत नाही एवढंच. काही महिन्यांनी ती दोघं आली ती हसत. ती मला म्हणाली, "मॅडम, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. हे चित्र तिला दाखवलं तर चालेल ना?"

अशा किती जोडप्यांच्या घरी "मुलीतच खोट आहे" म्हणून पंचायत बसते, किती मुली माहेरी परत पाठवल्या जातात. आणि रक्ताचं खूळ वेगळंच. पहिल्या संबंधाच्या वेळी कित्येक मुलींना रक्त येत नाही. योनीपटल प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यावरून संबंध आला की नाही हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. २०१८ मध्ये आपल्याच राज्यातल्या कंजारभाट समाजातली तरुण मुलं-मुली लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघडपणे उभी राहिली. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्य चाचणीचा भाग डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातून काढला. म्हणजे तोवर डॉक्टरच ते शिकत होते. मग सासवांना नावं कशाला ठेवायची?

शाळेकडे येते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, योनी आहेत, पाळीचं चक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबीही आहे. चांगलं आहे. पण त्या यादीत शिश्निकेचा उल्लेख नाही. स्त्रीच्या शरीरातला हा अवयव सुखासाठीच असतो, त्याला दुसरं काम नाही. तो वगळून मुलीला तिचं शरीर शिकवलं, की तिला एवढंच कळतं: आपलं शरीर मूल होण्यासाठी आहे. मग दुखलं तरी ती सहन करते आणि दुखणं हेच नेहमीचं आहे असं धरून चालते. संबंधाआधी ओलावा यायला वेळ लागतो आणि तो वेळ मागणं हा तिचा हक्क आहे, हे माझ्या कित्येक पेशंटना चाळिशीत कळलं. पन्नाशीनंतर कोरडेपणामुळे दुखत असेल तर त्यावर मलमं आहेत, जेली आहे. ती मागायला बायका लाजतात आणि "आता या वयात काय" म्हणून वेगळ्या खोलीत झोपायला लागतात. एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण ती सर्रास घडते: निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, तेलाने रबर कमकुवत होऊन फाटतं.

पालकसभेत मला हमखास विचारलं जातं, "हे सगळं शिकवलं तर पोरी बिघडणार नाहीत का?" युनेस्कोने २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं, की असं शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत, उलट काही ठिकाणी ती सुरुवात पुढे जाते आणि गर्भनिरोधकांचा वापर वाढतो. मी पालकांना आणखी एक गोष्ट दाखवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. या मुलींना दहावीचं पुस्तक मिळायच्या आत मंगळसूत्र मिळतं. सहावी-सातवीत, पाळी येण्याच्या आधी, मुलींना आणि त्यांच्याच वर्गातल्या मुलांना सांगायला हवं. मुलांना तर आधी, कारण त्यांच्या हातातल्या मोबाइलने शिकवणी केव्हाच सुरू केली आहे, आणि त्या शिकवणीत "नको" म्हणणारी बाई कधी दिसत नाही.

सांगण्याने किती फरक पडतो याचं एक उदाहरण चीनमधलं आहे. गर्भनिरोधक इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी बंदच होते. १९९६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ४२१ बायकांपैकी काहींना हे आधी नीट समजावून सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं दोन शब्दांत. वर्षभरात नेहमीच्या गटातल्या ४२ टक्के बायकांनी इंजेक्शन सोडलं. समजावलेल्या गटात फक्त ११ टक्क्यांनी. इंजेक्शन तेच. आपल्याकडे हेच इंजेक्शन 'अंतरा' नावाने सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून मोफत मिळतं. बाई ते घेते, महिनाभराने पाळी चुकते, शेजारीण म्हणते "रक्त आत साचतंय", आणि ती पुन्हा येत नाही. तांबीचंही तसंच. मग उरतं काय, तर नसबंदी. महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुषांची एक टक्काही नाही. नवऱ्यांना पुरुष नसबंदीने ताकद जाते असं वाटतं. बायकांनाही तसंच वाटतं. ही भीती घालवायला बोलण्याखेरीज दुसरं औषध नाही.

कॅन्सरच्या भीतीचंही उत्तर आहे, आणि ते आमच्याच भागात मिळालेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या रुग्णालयाने मिळून १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन मोठा अभ्यास केला. एचपीव्ही या विषाणूची एकदा केलेली तपासणीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. ज्या मातीतून हे ज्ञान जगभर गेलं, तिथल्याच बायका कॅन्सरच्या भीतीने निरोगी गर्भाशय काढून घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या तिशी ते पन्नाशीच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या.

अठराच्या आत गर्भ राहिलेल्या मुलींचा प्रश्न सगळ्यात अवघड. पोक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून अशी मुलगी आमच्याकडे येतच नाही, कुठून तरी गोळ्या आणून खाते आणि रक्तस्राव थांबेना की रात्री उचलून आणली जाते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे, की संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे गावातल्या मुलीपर्यंत पोचवणार कोण?

पोचवणारी माणसं कागदावर आहेत. किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून देशभर आहे, राज्यात 'मैत्री' नावाची केंद्रं आहेत, आशाताई आहेत. या केंद्रांतल्या समुपदेशक मुली मी पाहिल्या आहेत: कंत्राटी नेमणूक, मानधन उशिरा, बसायला औषधांच्या खोक्यांच्या शेजारी एक टेबल आणि दाराऐवजी पडदा. पडद्यापलीकडे केसपेपरची रांग ऐकत असताना कोणती बाई सांगेल, की मला संबंध नकोसा वाटतो? तिला बंद होणारं दार हवं, न घाई करणारं माणूस हवं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आल्यावर तेच माणूस तिथे हवं. एमबीबीएसच्या मुलांनाही हे बोलणं शिकवावं लागेल. चाकू धरायला जितके तास दिले जातात त्यातले थोडे इकडे द्यावेत.

बीडमध्ये त्या प्रकरणानंतर गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते असा नियम झाला. नियम चांगला आहे आणि तो राज्यभर लागू व्हावा. पण परवानगीच्या कागदावर सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो, डॉक्टरची शिफारस असते, नवऱ्याची सही असते. त्यात आणखी एक पान जोडावं, अशी माझी आरोग्य विभागाकडे मागणी आहे: या बाईशी समुपदेशक किती वेळ बोलली, दुसरे कोणते उपचार सांगितले, ऑपरेशननंतर शरीरात आणि शरीरसंबंधात काय बदलेल हे तिला कळलं का, नवऱ्याला बोलावलं होतं का, आणि तिने स्वतः काय विचारलं. ते पान कोरं असेल, तर परवानगी देऊ नये.